चिटोऱ्यांचा कारभारी

घरात हाताने शुभेच्छापत्रे करणारी एखादी ताई किंवा वहिनी असली, की त्या घरात पलंगाखाली एक पुठ्ठ्याचा खोका असतोच. त्यात कापून उरलेल्या कागदांच्या पट्ट्या, सोनेरी काठ, लग्नपत्रिकेवरचा फाडून ठेवलेला गणपती, पाकिटाचे आतले रंगीत अस्तर असे काय काय भरलेले असते. टाकायला मन होत नाही आणि ठेवायचे म्हटले तर जागा नाही. आमच्या मीरा-भाईंदरच्या दोन खोल्यांच्या संसारात हा प्रश्न रोजचाच आहे. मग केव्हातरी सुट्टीच्या दिवशी खोका उपडा केला जातो. रंगाप्रमाणे, आकाराप्रमाणे, जाडीप्रमाणे तुकडे लावले जातात, उरलेल्यांची रवानगी रद्दीवाल्याकडे होते आणि घर पुन्हा सुटसुटीत दिसू लागते.

यात काही वावगे नाही. पण कागदाचा तुकडा ठेवायचा की टाकायचा हा प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या शेकडो वाड्यांतून, मठांतून आणि कुलकर्ण्यांच्या माजघरांतून उभा राहिला होता, आणि तेव्हा त्याचे उत्तर बहुधा टाकायचा असेच होते. त्या काळात एक माणूस धोतर-उपरण्यावर गावोगाव हिंडत होता. लोक जे टाकायला निघाले होते ते तो मागून घेत होता, धूळ झाडत होता, वाचत होता, नकलून घेत होता आणि लावून ठेवत होता. त्याचे नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. इतिहासाचार्य म्हणून आपण त्यांना ओळखतो, आणि बहुतेक जण तेवढ्यावरच थांबतो. मला त्यांच्यात दुसराच माणूस दिसतो. नोकरीची सगळी वर्षे ज्याने बँकेत कागद लावण्यात घालवली त्याला दिसावा असा हा माणूस आहे. राजवाडे हे चिटोऱ्यांचे कारभारी होते.

त्यांचा जन्म १८६३ सालचा, कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडमधल्या वरसईचा. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शिक्षण बहुतेक पुण्यात झाले, मध्ये थोडा काळ मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये आणि पुढे डेक्कन कॉलेजात. धाकट्या वयापासून स्वभाव असा, की नेमलेले पुस्तक सोडून बाकी सगळे वाचायचे. परीक्षा ही त्यांच्या लेखी अडचणच होती, त्यामुळे बी. ए. व्हायला १८९० च्या आसपासचे साल उजाडले. त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे संस्कृतचे मोठे पंडित आणि फर्ग्युसनचे प्राध्यापक. विश्वनाथरावांनीही काही काळ शाळेत शिकवले. पण नोकरी त्यांना मानवली नाही. तरुणपणीच पत्नी गेली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. घर, पगार, बढती, निवृत्तिवेतन या ज्या चार खुंट्यांवर आपले मध्यमवर्गीय आयुष्य टांगलेले असते, त्या चारही त्यांच्या आयुष्यातून तिशीच्या आतच निघाल्या.

त्यानंतर त्यांनी 'भाषांतर' नावाचे मासिक काढले. जगातले उत्तम ग्रंथ मराठीत यावेत ही त्यामागची ओढ. त्यांनी स्वतः प्लेटोच्या 'रिपब्लिक'चे भाषांतर केले. मासिक काही वर्षांत बंद पडले. पण एक निश्चय त्यांनी तेव्हापासून अखेरपर्यंत पाळला. आपण लिहायचे ते मराठीतच. इंग्रजीत लिहिले असते तर लंडनपर्यंत नाव झाले असते, सरकारदरबारी मान मिळाला असता. त्यांनी तो रस्ता धरला नाही. ज्याला आपले म्हणणे समजून घ्यायचे असेल त्याने मराठी शिकावे, इतकी ताठ ती भूमिका होती.

आता त्या वेळी कागदांची स्थिती काय होती ते पाहिले पाहिजे, म्हणजे या माणसाने काय केले ते कळेल. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. पुण्याचे पेशवे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि इनामांची चौकशी करण्यासाठी ते सरकारी कचेरीत बंद झाले. एतद्देशीय अभ्यासकाला तिथे मोकळेपणी जाऊन कागद पाहण्याची सोय नव्हती. त्या दप्तरातले निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसायांच्या संपादनाखाली ४५ भागांत छापले गेले ते १९३० नंतर, म्हणजे राजवाडे गेल्यावर. तेव्हा मराठ्यांचा इतिहास ज्याला लिहायचा त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. ग्रँट डफने १८२६ मध्ये इंग्रजीत जे लिहून ठेवले ते प्रमाण मानायचे, नाहीतर सरकारी कुलपाबाहेर खासगी घरांतून जे कागद पडले होते ते शोधायचे.

ते कागद थोडेथोडके नव्हते. मराठी राज्य हे कागदावर चालणारे राज्य होते. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, सरदार, त्यांचे फडणीस, वकील, सावकार, मठाधिपती, उपाध्ये, प्रत्येकाच्या घरी दप्तर. पत्रांच्या जुड्या, त्या रुमालात बांधलेल्या, रुमाल पेटाऱ्यात, पेटारा माळ्यावर. कागदही साधा नव्हे. जुन्नरचा, दौलताबादेचा हातकागद चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला आणि दगडाने घोटून गुळगुळीत केलेला असे. आजही दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची ती परंपरा धुगधुगी धरून आहे, आणि आपली शुभेच्छापत्रे करणारी ताई जो खरखरीत, सुंदर कागद वापरते तो याच घराण्यातला. हा कागद टिकाऊ. दोनशे-तीनशे वर्षांचे पत्र उघडले तरी शाई काळीभोर आणि कागद चिवट. पण वाळवी, कसर आणि गळके कौल यांच्यापुढे त्याचेही काही चालत नसे.

त्याहून मोठा शत्रू होता घरातल्या माणसांची बेफिकिरी. हे सगळे कागद मोडीत होते. नव्या पिढीला मोडी येईनासे झाले. इनामाचा खटला संपला, वतन गेले, मग या जुड्यांचा उपयोग काय? वाण्याला वजनावर विकल्या तर चार पैसे येत आणि जिरे-मोहरीच्या पुड्या बांधायला तो कागद उत्तम. काही घरांत कागद भिजवून, मेथ्या घालून, कुटून त्याने टोपल्या लिंपत. काही ठिकाणी पाण्याचा बंब पेटे. काही भाविक घरांत जुने कागद टाकणे अशुभ म्हणून त्यांची गाठोडी नदीत सोडत. हे करणारी माणसे दुष्ट नव्हती. घर सुटसुटीत व्हावे एवढीच त्यांची इच्छा होती.

राजवाड्यांच्या आधीही काही जण जागे झाले होते. काशिनाथ नारायण साने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' सुरू केला होता. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांचे दप्तर घेऊन बसले होते. साताऱ्याकडे दत्तात्रय बळवंत पारसनीस जमवाजमव करीत होते. पण राजवाड्यांची रीत वेगळी. कागद आपल्याकडे येण्याची वाट ते पाहत बसले नाहीत. ते स्वतः कागदांकडे गेले.

सुरुवातीचे मोठे घबाड वाईला हाती आले. त्यातून १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. १७५० ते १७६१ या काळातली तीनशेवर पत्रे त्यात आहेत. शेवटच्या सालावरून विषय ध्यानात येईल. पानिपतच्या स्वारीची ही पत्रे, आणि त्यांतली बरीच खुद्द सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली. पानिपत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घोडे, तलवारी आणि विश्वासरावांचा देह येतो. ही पत्रे वाचताना माझ्यासारख्याला रोकड दिसते. पैसा पाठवा, रसद पाठवा, वसुली करा, अब्दालीची रसद तोडा, हाच धोशा पत्रामागून पत्रात आहे. लाखाच्या फौजेचा कारभारी तिजोरीत खडखडाट असताना उत्तरेत अडकला आहे, तारीख पुढे सरकते आहे आणि हुंडी येत नाही. मग १७६० च्या डिसेंबरात गोविंदपंत मारले जातात, आणि १४ जानेवारी १७६१ जवळ येते. हे कळण्यासाठी पोवाडा पुरत नाही आणि बखरही पुरत नाही. ते त्या दिवशी, त्या घाईत लिहिलेल्या कागदावरूनच कळते. राजवाड्यांनी या खंडाला दीर्घ प्रस्तावना जोडली आणि बखरींवर विसंबून राहण्याची सवय मोडून काढायला सुरुवात केली. घटना घडल्यानंतर पन्नास वर्षांनी आठवणीवरून लिहिलेली हकिकत आणि घटना घडत असतानाचे पत्र यांत पत्राची साक्ष वरची, हा धडा मराठी वाचकाला त्यांनी दिला.

पण पत्र मिळाले म्हणजे काम संपले असे नाही, तिथे ते सुरू होते. जुन्या मराठी पत्रावर तारीख कशी असे? वर छ हे अक्षर, म्हणजे चंद्र, पुढे आकडा आणि मुसलमानी महिना. छ ५ रजब एवढेच. साल नाही! लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊक होते, मग लिहायचे कशाला? जिथे साल असे तिथे ते सुहूर सनाचे, अरबी शब्दांत. इहिदे सितैन मया व अलफ याचा अर्थ एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. हे साल मृगाला सुरू होते. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११६१ मधला जानेवारी हा १७६१ चा जानेवारी, पानिपतचा. कुठे शक, कुठे फसली, कुठे राज्याभिषेक शक. शिवाय चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे असल्यामुळे रजब महिना दरसाल सुमारे अकरा दिवस मागे सरकतो आणि त्याच ऋतूत परत यायला बत्तीस-तेहतीस वर्षे लागतात. तेव्हा पत्रात रजब असेल आणि रब्बीच्या पिकाचा उल्लेख असेल, तर ते पत्र कोणत्या चार-दोन वर्षांतले असू शकेल हे बसून काढता येते. पुढे पत्रातली माणसे कोण, ती त्या वर्षी जिवंत होती का, छावणी कुठे होती, पूर कधी आला, हे दुसऱ्या पत्रांशी ताडून पाहायचे. लांब पत्र असेल तर कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवलेले असत. खळ सुटली की खालचा बंद वेगळा होई आणि तो भलत्याच जुडीत जाऊन बसे. मग अक्षराचे वळण, कागदाचा पोत, सांध्यावर उमटलेला अर्धा शिक्का पाहून धड आणि शिर एकत्र आणायचे.

अर्ध्या शिक्क्याचा एक तुकडा इथे आणि दुसरा दोन रुमालांपलीकडे. हे काम करायला विद्वत्ता लागतेच, पण त्याआधी बैठक लागते. बँकेत दिवसाच्या शेवटी एका व्हाउचरचा मेळ लागत नसेल तर सगळी शाखा अडकून पडायची. चौदा रुपयांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत कागद उलटेपालटे करणारे हिशेबनीस मी पाहिले आहेत. राजवाड्यांचा दिवसाचा मेळ तीस वर्षे चालला होता.

या खंडांची संख्या पुढे २२ झाली. त्यामागची पायपीट आज कल्पनेत येणे कठीण. आगगाडी जिथवर नेईल तिथवर जायचे, पुढे बैलगाडी, पुढे पाय. बरोबर जुजबी कपडे आणि स्वयंपाकाची चार भांडी. स्वतःच्या हाताने रांधून खायचे, कोणाच्या पंगतीचा उपकार नको. एखाद्या वाड्यात दप्तर आहे असा सुगावा लागला की मालकाच्या दारात जाऊन बसायचे. मालक म्हणे, कागद नाहीत. कोणाला वाटे हा सरकारचा माणूस, इनाम काढून घ्यायला आला आहे. कोणाला वाटे कागदांत गुप्त धनाची याद असेल. भाऊबंदकीचा दावा चालू असलेल्या घरात तर कागदाला हात लावू देणे दूरच. राजवाडे स्वभावाने तापट, शब्दाने तिखट, तरी या दारांपाशी ते थांबत. नकलून घ्यायचे म्हणजे बोरू नाहीतर टाक घेऊन हाताने. छायाचित्र काढण्याची ऐपत नव्हती आणि यंत्रेही नव्हती. एकेका जुडीपायी दिवस नि आठवडे जात. खंड छापायला पैसे कुठून आणायचे ही विवंचना वेगळीच. काही खंड लोकांच्या मदतीने निघाले, काही मासिकांतून, काही मित्रांच्या आग्रहाने. एकाच छापखान्यात, एकाच आकारात, ओळीने लावलेली ती माला नाही. जसे कागद मिळाले तशी ती वाढली.

एकट्याने हे होणार नाही हे त्यांना कळले होते. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साह्याने त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. कागदांना कायमचे घर मिळाले. पुढे ज्यांनी ज्यांनी मराठ्यांच्या इतिहासावर काही भरीव लिहिले, त्यांतला क्वचितच कोणी या मंडळाची पायरी न चढता पुढे गेला असेल. दत्तो वामन पोतदारांसारखी माणसे या मंडळाने घडवली आणि त्यांनी मंडळ घडवले.

पण राजवाड्यांच्या खात्यात जमेइतकीच नावेची बाजू पाहिली पाहिजे. मराठवाड्यात पाटांगण येथे त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. एकनाथांनी शुद्ध केलेल्या प्रतीच्याही आधीची ती आहे असे त्यांचे मत झाले. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरीतल्या मराठीचे व्याकरणही लिहिले. पोथीच्या प्राचीनतेबद्दल विद्वानांत वाद उठला, आणि ज्या पोथीवर सगळे उभे ती मूळ पोथी पुढे अभ्यासकांच्या हाती लागली नाही. छापील प्रत आहे, मूळ नाही. दुसऱ्यांच्या घरांतले कपटे न कपटे राखणाऱ्या माणसाच्या चरित्रात ही गोष्ट यावी, याची हुरहूर वाटते. नक्कल कितीही चोख असली तरी वाद झाला की माणसे मूळ कागद मागतात. बँकेतही झेरॉक्सवर कर्ज मिळत नाही.

वय वाढले तसे राजवाडे कागदाकडून शब्दाकडे वळले. गावाचे नाव, आडनाव, झाडाचे नाव, शिवी, ओवी, म्हण, प्रत्येक शब्द हाही त्यांना एक फाटका कागदच वाटे. त्याचा उरलेला अर्धा भाग कुठेतरी संस्कृतात, प्राकृतात असणार आणि तो जोडला की लोकांच्या वस्तीचा, स्थलांतराचा इतिहास वाचता येईल, असा त्यांचा विश्वास. त्यांनी हजारो शब्दांची टिपणे केली. त्यांतल्या पुष्कळ व्युत्पत्ती आज टिकत नाहीत. अनुमानाची घोडदौड अनेकदा पुराव्याला मागे टाकून गेली. जातींविषयी, स्त्रियांविषयी, समाजाच्या उतरंडीविषयी त्यांनी जे लिहिले त्यातले बरेचसे आजच्या वाचकाला खुपते, आणि खुपलेच पाहिजे. उलट विवाहसंस्थेच्या इतिहासावर लिहिताना याच माणसाने सनातन्यांना न मानवणारे निष्कर्ष निर्भयपणे मांडले. १९०२ मध्ये त्यांनी 'कादंबरी' या विषयावर दीर्घ निबंध लिहिला. कादंबरी लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा. आपल्या कादंबऱ्यांना जगातल्या कादंबऱ्यांच्या तराजूत घालून तोलणारा असा कठोर वाचक मराठीत त्याआधी फारसा झाला नव्हता.

आपल्या भागाचा त्यांच्याशी जो संबंध आहे तो फार थोड्या जणांना माहीत असतो. चर्चगेट-विरार गाडीने वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडणाऱ्या हजारो लोकांना ठाऊक नसते, की या प्रदेशाची जुनी हकिकत सांगणारी 'महिकावतीची बखर' राजवाड्यांनी १९२४ मध्ये संपादून छापली. महिकावती म्हणजे माहीम. उत्तर कोकणातल्या बिंब राजापासूनची कहाणी, कुळांची नावे, गावांच्या वाटण्या, वतनांचे तंटे असे त्यात आहे. तिचा एक महत्त्वाचा भाग केशवाचार्याने १४४८ मध्ये रचलेला, बाकी प्रकरणे वेगवेगळ्या काळांतली, वेगवेगळ्या हातांची. म्हणजे ही बखरसुद्धा एक शिवलेली गोधडीच. मघाशी म्हटले तसे राजवाडे बखरींवर विश्वास ठेवणारे नव्हते. तरी ही बखर त्यांनी छापली, कारण पोर्तुगीज येण्यापूर्वीच्या साष्टी-वसईबद्दल बोलणारे दुसरे मराठी साधन जवळजवळ नव्हते. प्रस्तावनेत त्यांनी कोणत्या भागावर किती भार टाकायचा याची चिकित्सा केली. ती सगळीच पटते असे नाही. पण भाईंदर, उत्तन, घोडबंदर हा टापू म्हणजे गेल्या चाळीस वर्षांत इमारती उठलेली मिठागरे नव्हेत, त्याच्या पाठीशी निदान आठशे वर्षांची आठवण आहे, हे सांगायला हाताशी आहे ते या असल्याच कागदांतून.

स्वतः उभ्या केलेल्या पुण्याच्या मंडळाशीही अखेर त्यांचे पटले नाही. कोणाशीच फार काळ पटू नये असा तो पिंड. आयुष्याच्या शेवटी ते खानदेशात धुळ्याला राहिले. तिथे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी वाङ्मयाचे मोठे काम चालवले होते, कागदाची किंमत जाणणारी माणसे होती. ३१ डिसेंबर १९२६ रोजी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, राजवाडे वारले. वय त्रेसष्टच्या घरात. संपत्ती म्हणावी अशी एकच, कागदांचे गाठोडे. जमवलेले, नकललेले, अर्धवट लिहिलेले, टिपणे केलेले.

आता खरा प्रश्न होता. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे चिटोरे वाचवले त्याचे चिटोरे कोण वाचवणार? धुळेकरांनी त्याचे उत्तर लगोलग दिले. नवे वर्ष १९२७ सुरू होताच त्यांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. वकिली करणारे भास्कर वामन भट यांच्यासारखी माणसे त्यात पुढे होती. गाठोडी सोडली गेली, लावली गेली. शब्दांच्या टिपणांवर कृष्णाजी पांडुरंग कुलकर्ण्यांनी वर्षानुवर्षे काम केले. त्यातून १९३७ मध्ये मराठी धातुकोश आणि १९४२ मध्ये नामादिशब्दांचा व्युत्पत्तिकोश बाहेर पडला. मृत्यूनंतर दहा आणि पंधरा वर्षांनी! दुसऱ्याच्या अक्षरातली, अर्ध्या वाक्यात सोडलेली टिपणे जुळवून त्यांचा ग्रंथ करणे आणि त्यावर आपले नाव मागच्या ओळीत ठेवणे, हे कुलकर्ण्यांचे काम मला राजवाड्यांच्या कामाइतकेच मोठे वाटते. राजवाडे आपल्याला ठाऊक आहेत ते या दुसऱ्या फळीतल्या माणसांमुळे.

हे सगळे आज सांगण्याचे कारण आहे. मीरा-भाईंदरमधल्या चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या इमारती आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. खोल्या रिकाम्या होताहेत, कपाटे आणि माळे उपसले जाताहेत. गावठाणातली जुनी घरेही पडताहेत. आजोबांची गिरणीतली हजेरीपत्रके, गावाहून आलेली आंतरदेशीय पत्रे, मिठागराच्या हिशेबाची वही, चर्चमधला जुना दाखला, कोळीवाड्यातल्या नाखव्याचे खाते, आजीच्या हातची ओव्यांची वही हे सगळे दारातल्या रद्दीवाल्याच्या ताजव्यात पडते आहे. यात पानिपत नाही हे खरे. पण वाईच्या त्या जुड्या रुमालात पडून होत्या तेव्हा त्यांच्यातही पानिपत आहे हे घरच्यांना कुठे वाचता येत होते?

सगळेच ठेवता येणार नाही, हेही मला कळते. बँकेत आम्ही सगळे ठेवत नव्हतो. १९८५ चे नियम आहेत, काही नोंदी ५ वर्षे, काही ८ वर्षे, त्यानंतर रीतसर नोंद करून कागद नष्ट करता येतात. पण तिथे निदान यादी होते, जबाबदार माणूस सही करतो आणि काय गेले ते कळते. घरात तीही होत नाही. तेव्हा एक दुपार द्यावी. जुडी सोडण्यापूर्वी ती कशी बांधली होती ते पाहावे आणि तिचा क्रम मोडू नये. शुभेच्छापत्रांचे तुकडे रंगाने लावले तर चालतात. घराण्याचे कागद ज्या गाठोड्यात सापडले त्या गाठोड्यासकटच राहू द्यावेत, कारण शेजारचा कागद हीच पुष्कळदा कागदाची तारीख असते. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये दाबून बंद करू नये. धुतलेल्या सुती कापडात बांधावे, दमट भिंतीपासून दूर ठेवावे. मोबाइलवर छायाचित्रे जरूर घ्यावीत, पण मूळ टाकू नये. आणि एका पाठकोऱ्या कागदावर हे कोणाचे, कुठून आले, कोणत्या साली सापडले ते शाईने लिहून वर ठेवावे. मोडी असेल तर वाचणारी माणसे अजून आहेत. पुण्याच्या आणि धुळ्याच्या मंडळांची दारे उघडी आहेत.

राजवाड्यांचे खंड आज जुन्या ग्रंथालयात मागितले तर हळूच हाताळावे लागतात. त्या काळचा यंत्राचा छपाईकागद पिवळा पडून कोपऱ्यातून तुटतो. पान उलटताना त्याचा एखादा कपटा टेबलावर पडतो. ग्रंथपाल दक्ष असेल तर तो कपटा उचलून त्याच पानात ठेवतो, आणि मग पुस्तक परत कपाटात लावतो.